हाय-कॅप कुठे ठेवू? रॅक, पॉवर सप्लाय आणि रेकॉर्डवरचं हमिंग

प्रश्न थोडक्यात असा: "इंग्लंडमधून परत येताना तिथे वापरलेला संच बरोबर आणला. लिनचा एलपी १२ टर्नटेबल, त्याच्या मोटरला वीज देणारा वेगळा लिंगो पॉवर सप्लाय, मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज (सुईच्या थरथरीचा विजेचा सिग्नल करणारा भाग). नेम कंपनीचा, सिग्नल निवडणारा आणि वाढवणारा नॅक ७२ प्रीअ‍ॅम्प, त्याला वीज देणारा हाय-कॅप पॉवर सप्लाय आणि स्पीकर चालवणारा नॅप २५० पॉवर अ‍ॅम्प. शिवाय एक सीडी प्लेअर. बाणेरच्या फ्लॅटमध्ये चार खणांचा एकच रॅक आहे. सीडीला काही त्रास नाही, पण रेकॉर्ड लावली की स्पीकरमधून सतत घूं असं हमिंग येतं आणि रात्री तर एक डबा स्वतःच घुमतो. दुसरा रॅक घ्यावा का? काचेचा की लाकडी? आणि काय कुठे ठेवायचं?"

फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. वरच्या खणात एलपी १२ आणि त्याला उजवीकडून खेटून लिंगो. दुसऱ्या खणात नॅक ७२ आणि हाय-कॅप शेजारी शेजारी. तिसऱ्यात सीडी प्लेअर, तळाला नॅप २५०. ही मांडणी का झाली तेही कळतं. नॅक ७२ आणि हाय-कॅप दोघंही बुटाच्या खोक्याएवढे. एका खणात दोन्ही अगदी मापात बसतात आणि जोडणारी वायरही आवाक्यात राहते. दिसायला इतकं सुरेख की कुणालाही वाटेल, कंपनीनं यासाठीच हे माप ठेवलंय. पण तुमच्या संचातला सगळ्यात नाजूक डबा, म्हणजे नॅक ७२, आणि हाय-कॅपमधला एक भला मोठा ट्रान्सफॉर्मर तुम्ही वीतभर अंतरावर आणून ठेवलेत.

रॅक घ्यायचा की नाही ते नंतर बघू. आधी तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या करतो. तुम्ही त्या एका दमात सांगितल्यात, पण त्यांचा एकमेकींशी जवळजवळ काही संबंध नाही. आवाज स्पीकरमधून येतो की डब्यातून? स्पीकरमधून येत असेल तर तो सिग्नलमध्ये शिरलाय. डब्याला कान लावल्यावर येत असेल तर ट्रान्सफॉर्मर स्वतः थरथरतोय, सिग्नलशी त्याचं देणंघेणं नाही. पहिल्याला अंतर आणि अर्थिंग हे उपाय, दुसऱ्याला घरातला वीजपुरवठा. रॅक बदलून दुसरा आवाज जात नाही. फार तर रॅकची फळी त्या थरथरीला साथ देत असेल, तर तेवढा कमी होतो.

आता रेकॉर्डवरचं हमिंग. सीडीला येत नाही आणि रेकॉर्डला येतं, याचं कारण साध्या आकड्यांत आहे. सीडी प्लेअर साधारण २ व्होल्ट देतो. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज देतं पाव ते अर्धा मिलीव्होल्ट. पाव धरलं तर फरक ८,००० पटींचा. तुमच्या नॅक ७२ च्या आत जी फोनो कार्डं (रेकॉर्डच्या सिग्नलसाठीची सर्किटं) बसवलीत ती हा एवढासा सिग्नल आधी हजारेक पट वाढवतात, मग तो पुढे जातो. वाटेत त्यात जे काही मिसळेल तेही हजारपट वाढणार. ट्रान्सफॉर्मरभोवतीचं चुंबकीय क्षेत्र सीडीच्या सिग्नलमध्येही थोडंफार शिरत असेल, पण तिथे ते ऐकूच येत नाही.

या क्षेत्राचा एक गुण आपल्या फायद्याचा आहे. ते अंतराच्या घनाच्या हिशेबात उतरतं. अंतर दुप्पट केलं की क्षेत्र आठव्या हिश्शावर, म्हणजे १८ डेसिबल खाली. तिप्पट केलं की सत्ताविसाव्या हिश्शावर. डब्याच्या आतले भाग आणि तारा मध्ये येतात, म्हणून प्रत्यक्षात हिशेब इतका चोख बसत नाही, पण दिशा हीच. म्हणून माझ्या धंद्यात महागड्या केबलच्या आधी टेप लागते, मोजायची. १५ सेंटिमीटरवरून ६० वर नेलेला ट्रान्सफॉर्मर जे करतो ते कुठलीही केबल करत नाही.

यामागे नेमवाल्यांचा विचार काय होता तेही सांगतो, म्हणजे मांडणी पाठ करावी लागणार नाही. १९७३ साली इंग्लंडमध्ये सॉल्सबरीला ही कंपनी सुरू झाली, नॅप २५० आला १९७५ मध्ये. त्यांच्या प्रीअ‍ॅम्पमध्ये मेन्सचा, म्हणजे घरातल्या विजेवर चालणारा, ट्रान्सफॉर्मर ठेवलेलाच नाही. नॅक ७२ ला लागणारे २४ व्होल्ट बाहेरून येतात. लहान पॉवर अ‍ॅम्प असेल तर तोच ते देतो, पण नॅप २५० मध्ये ती सोय नाही, म्हणून तुम्हाला हाय-कॅप लागतो. ट्रान्सफॉर्मर नाजूक सर्किटच्या डब्यातून बाहेर काढायचा, यासाठी तुम्ही एका आख्ख्या जास्तीच्या डब्याचे पैसे मोजलेत. आणि तो बाहेर काढलेला ट्रान्सफॉर्मर परत शेजारी आणून बसवलात! सासूला त्रास नको म्हणून वेगळं बिऱ्हाड केलं आणि घेतलं ते समोरच्या दारात, असं झालं.

आता काही विकत न घेता एक प्रयोग करा. घरात जेवायचा पाट असेल तर तो घ्या, नसेल तर जाड फळी. सगळं बंद करा. हाय-कॅपची वायर सव्वा मीटरची आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तो रॅकच्या बाहेर, डावीकडे जमिनीवर पाटावर सहज येईल. लिंगोसुद्धा उजवीकडून काढून डावीकडे खाली ठेवा, त्याची वायर पोचेल तितका दूर. डावीकडेच का? एलपी १२ चा आर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) उजवीकडे असतो, म्हणून लिनवाल्यांनी मोटरसुद्धा मागच्या डाव्या कोपऱ्यात बसवलीय, कार्ट्रिजपासून शक्य तितकी लांब. उजवीकडे लिंगो ठेवून आपण त्या विचारावर पाणी ओतत होतो.

मग सगळं चालू करा, पण टर्नटेबलची मोटर बंद राहू द्या. सुईवर टोपी घाला. निवडीचं बटण फोनोवर, आवाज नेहमीपेक्षा थोडा जास्त. आर्म हातात धरून हळूहळू रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेपासून मधल्या लेबलपर्यंत न्या, थाळीला न टेकवता. हमिंग जागेनुसार कमीजास्त होत असेल तर कार्ट्रिज हवेतलं क्षेत्र पकडतंय, दुसरं काही नाही. बाहेरच्या कडेला जास्त आणि आत कमी होत गेलं तर गुन्हेगार उजवीकडे आहे. आर्म कुठेही नेला तरी हमिंग तसूभर हलत नसेल, तर ते कार्ट्रिजच्या पुढे शिरतंय: एकतर नॅक ७२ च्या डब्यात किंवा अर्थच्या वायरीत. अशा वेळी पाटावरचा हाय-कॅप जागच्या जागी पाव वळण फिरवून बघा. गोल ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र सगळीकडे सारखं नसतं. जिथून त्याच्या तारा बाहेर पडतात त्या बाजूला ते जास्त गळतं. फिरवल्यावर आवाज बदलला तर तुमचं उत्तर मिळालं.

माझा अंदाज आहे की या पाटाच्या प्रयोगानंच तुमचं बरंचसं हमिंग जाईल. अंदाजच म्हणतो, कारण फोटोत भिंतीच्या मागे काय आहे ते दिसत नाही. एका गृहस्थांकडे मी दोन रविवार घालवले, रॅक उलटसुलट केला, तरी हमिंग कायम. शेवटी कळलं की भिंतीच्या पलीकडे, बरोबर टर्नटेबलच्या पाठीला पाठ लावून, शेजाऱ्यांचा एसीचा स्टॅबिलायझर टांगलेला होता. विटेची भिंत चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही.

प्रयोग जमला तर दुसरा रॅक घ्या, पण तो बुटका हवा. दोन-तीन खणांचा, गुडघ्याएवढा. दुकानातला घ्यायची गरज नाही. कुठलाही फॅब्रिकेटर २५ मिलीमीटरच्या चौकोनी पाईपमध्ये वेल्डिंग करून देईल. पाय खालून नटबोल्टवर उंच-सखल करता येतील असे करून घ्या, कारण आपल्याकडच्या फरशा क्वचितच एका पातळीत असतात. दोन रॅकमध्ये दोन फूट अंतर ठेवा. उजव्या रॅकवर वर एलपी १२, त्याखाली एकटा नॅक ७२, त्याखाली एक खण सोडून सीडी प्लेअर, कारण त्याच्या पोटातही एक छोटा ट्रान्सफॉर्मर आहेच. डाव्या बुटक्या रॅकवर तळाला नॅप २५०, मध्ये लिंगो, वर हाय-कॅप. लिंगोची वायर तिथवर पुरत नसेल तर तो उजव्या रॅकच्या तळाला, डाव्या कडेला ठेवा. तेही चालेल.

हाय-कॅप आणि नॅप २५० एकमेकांच्या जवळ आले तर? येऊ देत. दोघांतही ट्रान्सफॉर्मर आहेत, तिथे सिग्नल आधीच मोठा झालेला आहे. फक्त एकावर एक थेट रचू नका. नॅप २५० चा डबाच त्याचं उष्णता बाहेर टाकायचं साधन आहे, त्यावर काही ठेवलंत की ते बंद. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबद्दल आमच्यात एक ढोबळ हिशेब आहे, तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. इंग्लंडच्या खोलीत २० अंशांना चाललेला अ‍ॅम्प पुण्याच्या मे महिन्यात ३८ ला चालणार आहे, हे लक्षात ठेवून वर निदान १० सेंटिमीटर मोकळे सोडा. आणि टीव्ही युनिटच्या बंद कपाटात कुठलाही डबा नको. घरच्यांना वायरी दिसतात म्हणून हा हट्ट होतो, मला माहितीये. मागची प्लायची पाठ तरी काढून टाका.

काच की लाकूड, यावर लोक तासन्‌तास भांडतात. मला स्वतःला काच आवडत नाही. बोटानं टिचकी मारली की ती जी टणत्कारते ते मला टर्नटेबलखाली नको असतं. पण पॉवर सप्लायखाली काच असली तर माझ्या कानाला फरक कळलेला नाही, उगाच का सांगू. डाव्या रॅकला १८ मिलीमीटरचं प्लाय घाला किंवा स्वयंपाकघराच्या ओट्याचा उरलेला कडप्पा घाला, दोन्ही चालेल. कडप्प्यावर ट्रान्सफॉर्मरची थरथर बरीच दबते आणि तो मिळतोही स्वस्त. खाली रबराचे तुकडे टाका, नाहीतर लोखंडी चौकटीवर तो स्वतःच कुरकुरेल.

एलपी १२ खाली मात्र कडप्पा नको. हा टर्नटेबल आतून तीन स्प्रिंगांवर तरंगतो, आणि माझ्या अनुभवात त्याला हलकी पण ताठ फळी मानवते. जड दगड आलेली थरथर धरून ठेवतो आणि सावकाश परत देतो, त्यात बास फुगतो. हे प्रयोगशाळेत मोजलेलं नाही, चार-पाच घरांत फळ्या बदलून ऐकलेलं आहे. ज्यांचे टर्नटेबल जड आणि स्प्रिंगविना आहेत त्यांना कदाचित उलटा अनुभव येईल, आणि तेही खरं असेल.

चालताना सुई उडते असं तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणजे स्लॅबचा प्रश्न नाही. जुन्या वाड्यातल्या लाकडी तक्तपोशीवर किंवा मधोमध झुलणाऱ्या स्लॅबवर तो येतो आणि तिथे भिंतीवरचा ब्रॅकेट हाच इलाज. तसं कधी करावं लागलं तर आधी भिंत ठोकून बघा. बाणेरकडच्या नव्या इमारतींत आतल्या भिंती बहुतेक हलक्या, सच्छिद्र सिपोरेक्स ब्लॉकच्या. त्यात साधा फिशर ठोकला तर आज घट्ट वाटतो आणि सहा महिन्यांत ढिला होतो. कॉलम शोधा, ब्रॅकेट त्यालाच मारा.

दुसरा रॅक घेताना एक मोह होईल, तो टाळा. रॅक स्पीकरच्या जवळ आला की वायर जास्तीची उरेल आणि कापून आखूड करावीशी वाटेल. नेमच्या या अ‍ॅम्पमध्ये आउटपुटला सर्किट स्थिर ठेवणारं कॉइल बसवलेलं नसतं, ते काम थोडंफार स्पीकर केबलच करते. म्हणून कंपनी त्यांच्या केबलसाठी दर बाजूला कमीत कमी साडेतीन मीटर सांगते. दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या ठेवा, उरलेली वायर वेटोळं करून न ठेवता नागमोडी सोडा.

वायरींच्या बाबतीत मी एवढंच पाळतो: मेन्सच्या वायरी रॅकच्या एका कडेनं, सिग्नलच्या दुसऱ्या कडेनं. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. सगळ्या वायरी झिपटायनं आवळून एक जुडी करायची सवय सुतारांना आणि केबलवाल्यांना फार. दिवाळीच्या साफसफाईत कुणी हौसेनं ती बांधली की नंतर मला फोन येतो. हाय-कॅप आणि नॅक यांच्यातली नेमची वायर तर विशेष सांभाळा, तिच्यातून २४ व्होल्ट जातात आणि गाणंही परत येतं. ती मोकळी लोंबू द्या.

आता अर्थिंग. पाटाच्या प्रयोगात आर्म फिरवूनही हमिंग हललं नाही आणि हाय-कॅप फिरवूनही नाही, तर इकडे या. इंग्लंडहून आलेल्या संचात मला नव्वद टक्के वेळा एकच गोष्ट दिसते: चौकोनी पिनांचे इंग्लिश प्लग, आणि ते लावायला बाजारातले जिथे-तिथे चालणारे अ‍ॅडॅप्टर. त्यातल्या कित्येकांत अर्थची पिन नावालाच असते किंवा ढिली असते. तुमच्या डब्यांच्या मागे कॉम्प्युटरला असतो तसाच सॉकेट दिसतोय, मग प्रश्नच मिटला. आयएसआय शिक्क्याच्या तीन तारांच्या कॉम्प्युटरच्या पॉवर कॉर्ड घ्या, इंग्लिश कॉर्ड पेटीत ठेवून द्या. इंग्लिश प्लगमध्ये फ्यूज असतो, आपल्या प्लगमध्ये नसतो, पण डब्यांना स्वतःचा फ्यूज आहे. तो बरोबर रेटिंगचा आहे ना एवढं बघून घ्या. सगळे डबे एकाच चांगल्या बोर्डवरून एकाच सॉकेटला लावा, म्हणजे सगळ्यांचा अर्थ एकच राहील. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या आत असलं की मी पुढे जातो, दहा-पंधरा असेल तर आधी सोसायटीची अर्थिंग, मग संगीत.

आणि हमिंग जावं म्हणून अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. हमिंग जाईलही. मग एखाद्या दिवशी आत काही बिघडलं की डब्याच्या अ‍ॅल्युमिनियमवर २३० व्होल्ट येतील आणि टोनआर्मला हात लावणारे तुम्हीच असाल. ते करायचं नाही. सिग्नलचा अर्थ मेन्सच्या अर्थला एकाच ठिकाणी भेटला पाहिजे. नेमच्या संचात बहुधा ते काम सीडी प्लेअर करतो, म्हणून तो वाजवत नसलात तरी जोडलेला राहू द्या.

हमिंग नसून चुरचुर असेल, चावल्यासारखी, तर पंख्याकडे बघा. गोल फिरवायचा डिमरसारखा रेग्युलेटर असेल तर पंखा बंद करून ऐका. गेली तर रेग्युलेटर बदला, रॅकला हात लावू नका.

राहिला रात्री घुमणारा डबा. तो बहुधा नॅप २५० असणार, सगळ्यात मोठा ट्रान्सफॉर्मर त्यातच आहे. रात्री अकरानंतर भार कमी झाला की व्होल्टेज चढतं. माझ्या वर्कशॉपच्या मीटरवर मी २४८ पाहिलेत. गोल ट्रान्सफॉर्मर असा चढलेल्या व्होल्टेजला घुमतो, आणि पुरवठ्यात थोडा डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) मिसळला तरी घुमतो. घरात किंवा शेजारी हेअर ड्रायर अर्ध्या वेगावर चालला की असा डीसी येतो. तुमचा डबा घुमत असताना व्होल्टेज लिहून ठेवा, आठवडाभर. रोज २४५ च्या वर दिसलं तर एखादा चांगला सर्व्हो स्टॅबिलायझर परवडेल, पण तोही ट्रान्सफॉर्मरच. त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. व्होल्टेज ठीक असेल आणि आवाज फक्त डब्याला कान लावल्यावर येत असेल, तर खरं सांगू? मी काही करत नाही. मी ऐकायला बसतो दहा फुटांवर.

डबे हलवताना क्रम पाळा. बंद करताना नॅप २५० आधी बंद, बाकी नंतर. पाच मिनिटं थांबा, आतले कपॅसिटर रिकामे होऊ देत, मगच वायर काढा. चालू करताना उलट, नॅप २५० सगळ्यात शेवटी. नेमचे लोक हे डबे वर्षभर चालूच ठेवा म्हणतात, त्यांच्या देशात ते ठीक असेल. आपल्याकडे वळवाच्या पावसात मी माझ्या संचाचे प्लग सॉकेटमधून उपटून ठेवतो. चालू राहिलेला उबदार डबा पालींनाही फार आवडतो. एका अ‍ॅम्पमध्ये मेन्सच्या फ्यूजवर आडवी पडून जळालेली पाल मी चिमट्यानं काढलीय, तेव्हापासून मागच्या जाळ्या आणि मोकळी सॉकेटं झाकून ठेवायला सांगतो.

पाटावर ठेवल्यावर आर्म कुठे असताना किती हमिंग होतं ते कळवा, बाहेरच्या कडेला आणि लेबलजवळ असं दोन्ही. तोवर फॅब्रिकेटरला माप देऊ नका.